आईच्या सांध्यांची वाटणी

आमच्या रत्नागिरीकडे भाऊबंदकी पेटली की फणसाच्या झाडाचीसुद्धा वाटणी होते. या फांदीचे फणस थोरल्याचे, त्या फांदीचे धाकट्याचे. भाईंदरला येऊन माझ्या आईची तशीच वाटणी झाली. गुडघे नवघरच्या डॉक्टरांकडे, खांदा जेसल पार्कच्या डॉक्टरांकडे. बोटं मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाहीत, आणि नेमकी तीच आईला सगळ्यात प्यारी.

आई साड्यांना फॉल लावते. मशीनवर नाही, हातानं. तिचा टाका साडीच्या उजव्या बाजूला दिसत नाही, म्हणून पार खारी गावातून बायका तिच्याकडे साड्या आणतात. सकाळी दुधाची पिशवी तिला फोडता येईना, तेव्हा मी नवघरच्या डॉक्टरांना आईची सुजलेली बोटं दाखवली. ते म्हणाले, "वय झालंय, पाण्यात हात कमी घाला." बोटं त्यांनी हातातसुद्धा घेतली नाहीत.

त्यात आईची एक तऱ्हा. एका डॉक्टरसमोर दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. तो त्यांचा अपमान. खांदा दाखवायला गेलो की दवाखान्याच्या जिन्यातच ती गुडघ्याचा पट्टा सोडायची आणि माझ्या पिशवीत कोंबायची. मग लंगडत आत.

"आई, ते डॉक्टर आहेत, तुझे सासरे नाहीत!"

"असू दे. त्यांना वाटेल, आपला त्यांच्यावर विश्वास नाय."

एकदा मीच तोंड उघडलं. गुडघेही दुखतात, बोटंही आखडतात, सगळं एकाच सुमारास सुरू झालंय, असं खांद्याच्या डॉक्टरांना सांगितलं. ते एक्स-रेच्या फिल्मवरून नजर न काढता म्हणाले, "मी शोल्डर बघतो. नी-जॉइंट माझा सब्जेक्ट नाही." बाहेर आल्यावर आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, मी सांगत नव्हते? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं शिकून दोघांचा फोन एकमेकांना लागू नये? दोन दवाखान्यांत रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर नाही! आईला आम्लपित्तानं जेवण जाईना, म्हणून मी औषधांची पाकिटं पालथी करून वाचली, तर दोघांनी दिलेली दुखण्याची गोळी एकच. नावं तेवढी वेगळी. एक आई आणि दोन दुकानं, म्हणून गोळीही दुप्पट.

माझ्या ऑफिसातल्या एकीला संधिवात आहे. आईचं सगळं ऐकून तिनं मला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, बोरिवलीला. त्यांनी आईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, एकेक सांधा दाबून पाहिला आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?" इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आई गुडघ्याचा पट्टा सोडायला वाकली, तर बाई म्हणाल्या, "राहू दे, मला तोही बघायचाय."

रक्ताच्या तपासण्या झाल्या. आजार एकच होता. गुडघे, खांदा, बोटं, सगळं त्याचंच.

"औषधानं पुढची झीज थांबवता येईल," बाई म्हणाल्या. "वाकलेली बोटं मात्र सरळ होणार नाहीत. लवकर यायला हवं होतं."

"लवकर? अहो, आम्ही दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या दवाखान्यातच बसलेलो होतो!"

मी ओरडलेच. बिचाऱ्या बाईंचा काही दोष नव्हता. पण ज्यांचा होता, त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचणार नव्हता, आणि त्यांच्या बाकावर तेव्हाही कुणाची तरी आई बसलेली असणार, एकच सांधा दाखवायला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

औषध लागू पडलं. सूज उतरली, आई जिने चढू लागली. महिन्याभरानं शेजारच्या गुजराती बेन मुलीच्या लग्नाची साडी घेऊन आल्या. आईनं ती मांडीवर पसरली, काठावरून हात फिरवला. सुई उचलायला गेली. सुई चिमटीत ठरेना. दुसऱ्या हातानं पाहिलं, तरी ठरेना.

"मेरे से नहीं होगा, बेन. किसी और को दे दो."

"अरे, कोई जल्दी नहीं है. आप ठीक हो जाओ, मैं रुकती हूँ."

"रुकना मत," आई म्हणाली, आणि साडीची घडी घालायला तिनं मला हाक मारली.