प्रार्थनेतली वऱ्हाडी

"मले काई समजत नाई बाप्पा, चाला इचारू," असं म्हणत ते चष्मा काढून खिशात ठेवत आणि हात जोडत. विचारायचं कुणाला, हे सांगावं लागत नसे. दोन घरांत भांडण मिटेना, तरी इचारू. सायकलची चेन सारखी पडते, तरी इचारू. असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. आपण हसतो आणि मनातून त्याचा हेवाही करतो.

ते आमच्या मिशनचे प्रचारक होते आणि मी मिशनच्या शाळेतली नवी मास्तरीण. अठ्ठावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. दिग्रसच्या आसपासच्या वस्त्यांवर ते उपासनेला जात, तेव्हा गाणी म्हणायला मीही सोबत असे. लोक त्यांना पादरीबाबा म्हणत, मी काका म्हणे. "पादरी नाई मी, निस्ता प्रचारक हावो," असं ते दरवेळी सांगत, आणि कुणी मनावर घेत नसे.

काका भित्रे होते. उतार आला की सायकलवरून उतरून चालत. कुत्रं भुंकलं की माझ्या मागे येऊन उभे राहत. "काका, मी बाईमाणूस आहे!" मी चिडून म्हणे. "म्हणूनच त. तुले थे काई करत नाई," ते म्हणत.

एरवी बोलणं अस्सल वऱ्हाडी. प्रार्थनेत मात्र भाषा एकदम पुस्तकी होई. "हे दयाळू पित्या, आम्हांस सुबुद्धी दे, आम्हांस लीन कर." देवापुढे जाताना धुतलेला सदरा घालावा तसं धुतलेलं बोलावं, अशी त्यांची समजूत होती.

एका दुपारी आम्ही बंजाऱ्यांच्या तांड्यावर बसलो होतो. मागे जळणासाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता, त्याला टेकून एक लहान पोर हात जोडून बसली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. "हे दयाळू पित्या..." आणि मग त्याच संथ आवाजात ऐकू आलं, "देवा, या लेकीले हालू देऊ नको. इचे हात असेच राहू दे. कोनाले डोये उघडू देऊ नको रे बाप्पा."

देवाशी वऱ्हाडीत? माझे डोळे आपोआप उघडले. पऱ्हाट्यांतून निघालेला नाग पोरीच्या घागऱ्याच्या काठावरून सरकत होता.  ओरडणार तेवढ्यात मी पदर तोंडात कोंबला. काकांचे डोळे नागावर होते आणि प्रार्थना चालूच होती. नाग बांधावरच्या गवतात दिसेनासा झाला, तेव्हा कुठे आमेन झालं. मग ते मटकन खाली बसले. पाण्याचा लोटा तोंडाला लावला, तर दात काठावर वाजत होते.

पोर वाचली आणि गोष्ट गावोगाव पसरली. पादरीबाबानं मंतर टाकून नाग बांधला! त्यांच्या दाराशी नारळ येऊ लागले. "मी भेलो व्हतो, बाकी काई नाई," असं सांगत ते नारळ परत करत. पण एकदा शाळेच्या पायरीवर बसून हळूच म्हणाले, "बाई, लोक म्हनतात थे आइकायले गोड लागते. नागापक्षा मले त्याचंच भेव लागून राह्यलं." मी हसले. ते हसले नाहीत.

कापूस वेचणीच्या दिवसांत त्याच तांड्यावरच्या एका म्हातारीच्या तरण्या मुलाला वावरात साप चावला. दवाखाना एका बाजूला, आमचं मिशन दुसऱ्या बाजूला. तांड्यावाल्यांनी त्याला बाजेवर घालून काकांच्या दारी आणलं.

"बाबा, मंतर टाका!"

"मले येत नाई! दवाखान्यात न्या, पया!"

कुणी हलेना. बाबा परीक्षा पाहतात, असंच सगळ्यांना वाटत होतं. तेव्हा काका त्या म्हातारीच्या पायांवर पडले. कपाळ मातीत टेकून ओरडले, "याडी, खोटं हाय थे सारं! मले काईच येत नाई!" याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. लोक संतापले, शिव्या देत बाज उचलून पळाले. मुलगा वाटेतच गेला.

"माह्या नावानं उशीर झाला," एवढंच काका रात्रभर बोलत राहिले.

सकाळी ते तांड्यावर निघाले. मारतील, असं मला वाटत होतं. त्यांनाही वाटत होतं. त्या दिवशी ते सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत राहिले. तांड्यावर पुरुष गप्प उभे होते, एकाच्या हातात काठी होती. मी काकांच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हातारी पोत्यावर बसली होती. तिने मान वर केली.

"काहून आला?"

"मले समजत नाई, याडी."

 ती पोत्यावर थोडी सरकली. काका तिच्याशेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली नाही, तिच्याबरोबर रडत राहिले.

पुढच्या वर्षी तापात काका गेले. बऱ्याच वर्षांनी मी त्या तांड्यावर गेले. म्हातारी अजून होती, पण डोळ्यांनी अधू झाली होती. नाग बांधणारे पादरीबाबा आठवतात का, असं मी तिला विचारलं.

"नागाचं मले ठाव नाई," ती म्हणाली. "माह्या पोत्यावर येऊन बसला व्हता, थो आठवते. लय भेला व्हता बाई. तरी आलता."