वडीगोद्रीची टॅव्हर्न

वडीगोद्रीत कुणाची पोरगी काय करती हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण कडूबाची अक्षता काय करती असं विचारलं की भलेभले डोकं खाजवायचे. जालन्याहून बांधकामाचे नकाशे काढायचा कोर्स करून आल्ती. नोकरीसाठी चपला झिजवल्या, कुठं जमलं न्हाई. आता घरीच कंप्युटरसमोर बसून राह्यली, आन गिऱ्हाईक म्हणे परदेशातलं! एवढ्यावर गावानं काय काय तर्क लढवले, ते सांगायला बसलं तर दिवस मावळंल.

काम तसं सरळ होतं. पाच देशांतली पाच माणसं आपापल्या घरी कंप्युटरसमोर बसून एक गोष्ट खेळतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार. पडद्यावर वरून पाहिल्यासारखा नकाशा असतो, चौकोन आखलेला, त्यावर ज्यानं त्यानं आपली सोंगटी सरकवायची. हे नकाशे अक्षता काढायची. सगळ्यात जास्त मागणी टॅव्हर्नला. म्हणजे जुन्या काळची सराई. खाली दारूचा गुत्ता, वर मुक्कामाच्या खोल्या. अनोळखी माणसं एका जागी यायची तर तिथंच, म्हणून गोष्टही बहुतेक तिथूनच सुरू व्हायची.

आता गंमत बघा. कडूबा म्हणजे वस्तीतला शिस्तीचा माणूस. दर रविवारी विहारात वंदना तोच सांगणार, आन पंचशीलातलं पाचवं शील, दारूपासून दूर राहायचं, ते म्हणताना त्याचा आवाज चढणार. त्याचा धाकटा भाऊ दारूपायी गेल्ता. वस्तीजवळचं देशीचं दुकान हलवायला बायांना घेऊन तो तहसीलपर्यंत धडकला होता. अशा बापाच्या लेकीनं पहिली टॅव्हर्न काढली ती कशी? बाकडी, चूल, भज्यांची कढई, दाराशी पाण्याचा रांजण. दारूचा थेंब न्हाई! गिऱ्हाईक पोलंडचं. त्या बिचाऱ्यानं अदबीनं विचारलं, की बाकी सगळं बराबर आहे, पण हे लोक इथं पितात काय? अक्षताला हसूही आलं आन लाजही वाटली. लहानपणापासून जे तोंडानं म्हणत आली, ते तिच्या हातानं आपोआप पाळलं होतं. मंग तिनं गल्ल्यामागं लाकडी पिंपांची रांग मांडली.

नेमकी ती पिंपं एक दिवस कडूबाच्या नजरेला पडली. त्यानं विचारलं, अक्षतानं खरं ते सांगितलं. कडूबा ओरडला न्हाई. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पोरी, हे बंद कर," तो म्हणाला. "उद्या विहारात कोणत्या तोंडानं उभा राहू मी?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्या हाताला नावाजून राह्यलं होतं. ते सोडवत न्हाई, आन बापाची मान खाली घालवत न्हाई. माय, प्रभावती, भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाली, की दुकान हलवून झालं, आता चितरं हलवा. शेवटी अक्षतानं त्याच्याकडं एकच मागितलं, की बंद करते, पण आधी एकदा खेळ बघा.

रविवारी संध्याकाळी पोलंडवाल्यानं तिला आपला खेळ कंप्युटरवर बघायला बोलावलं होतं. कडूबा खुर्ची ओढून बसला, हाताची घडी घालून, एखाद्या पंचासारखा. खेळणारे इंग्रजीत बोलायचे, अक्षता मराठीत सांगायची. तीन सोंगट्या अक्षतानं काढलेल्या सराईत जाऊन बाकड्यांवर बसल्या. चौथी दारातच थांबली. ती सुळे असलेल्या एका जमातीच्या गड्याची होती. त्या गोष्टीत त्या जमातीला कुणी गावात घेत न्हाई. खेळणारा म्हणाला, माझा गडी आत येत न्हाई, त्याला बाहेर बसायची सवय आहे. गोष्ट सांगणाऱ्यानं सराईच्या मालकाच्या तोंडून म्हटलं, आत ये, जागा आहे तिथं बस. सोंगटी हळूहळू सरकत मधल्या टेबलाला जाऊन लागली.

कडूबाची घडी कधीच सुटली होती.

"ल्हान असताना मी बापासंगं हॉटेलात जायचो," तो पडद्याकडं बघतच म्हणाला. "म्हंजे हॉटेलाच्या भाईर. आमची कपबशी भिताडातल्या कोनाड्यात राहायची. चहा प्यायचा आन आपणच विसळून ठिवायची."

हे अक्षतानं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिला भडभडून आलं. खेळ संपेपर्यंत कडूबा उठला न्हाई. त्या सुळेवाल्याचं पुढं काय झालं ते मात्र दोनदा विचारलं. काम बंद करायचा विषय त्यानं परत काढला न्हाई, आन तिनंही छेडला न्हाई.

पण गाव थोडंच गप बसतं! पुढच्या रविवारी वंदना झाली, माणसं उठायला लागली, आन वस्तीतल्या भुजंग मास्तरांनी सगळ्यांदेखत हटकलं, की कडूबा, तुमची पोरगी दारूच्या गुत्त्याचे नकाशे काढती म्हणं. अख्खा विहार कान टवकारून राह्यला. याच घडीला कडूबा भेत होता.

त्यानं हातातली सतरंजी खाली ठेवली.

"काढती ना," तो म्हणाला. "माझ्या बापाला आत बसू दिलं असतं, अशा जागंचे काढती."