लक्कम्माचं पाणी मी अडवलं

साठच्या दशकातली ही सहल. बंगळुरात माझी खानावळ नीट चालू लागली होती. रोज जेवायला येणारा एक इंजिनिअर म्हणाला, "अण्णा, पोत्यांनी तांदूळ शिजवता, भाताचं शेत तरी पाहिलंय का?" मी निपाणीचा, तंबाखूत वाढलेला. भात ताटातच पाहिलेला. तांदूळ पुरवणारा मुनियप्पा भातलावणीला त्याच्या गावी बोलवतच होता, निघालो.

के. आर. पुरमपर्यंत बस, सहा आणे. पुढे तीन मैल पायी. जाणाऱ्यांनी चपला हातात घ्यायची तयारी ठेवावी. वर तलाव, खाली पायऱ्यांसारखी उतरत गेलेली शेतं. पाणी वाटायला गावानं नेमलेला म्हातारा असतो, नीरगंटी. त्याला स्वतःची जमीन नाही, म्हणून वाटणीवर सगळ्यांचा विश्वास. त्या दिवशी पाळी लक्कम्माची. विधवा बाई, शेत सगळ्यात खाली. रोपं उपटून ठेवलेली, लावायला बायका आलेल्या. उद्या त्या दुसऱ्याच्या शेतात जाणार. पाणी आजच हवं.

मी पाटाकाठी हिंडत होतो. एका जागी काठाला भोक पडून पाणी वाया चाललेलं! ठिबकणारा नळसुद्धा मला बघवत नाही. दगड बसवला, चिखल थापला, वरून पाय दिला.

तासाभरानं खालून आरडाओरडा. शेजारचं शेत गौडाचं, म्हणजे गावच्या पाटलाचं; लक्कम्मा त्याच्या गड्यावर तुटून पडली होती.

"तूच पाणी वळवलंस! चिखल सुकत चाललाय माझा!"

"देवाशपथ नाही, अक्का!"

गडी रडायच्या बेतात. मी पुढे झालो. म्हटलं, "तो नाही. मी बुजवलं. वाटलं, पाणी गळतंय."

"गळतंय?" नीरगंटी म्हणाला. "सामी, ते भोक माझ्या आजोबांनी पाडलंय, हिच्या शेतासाठी!" आणि फावडं घेऊन वर धावला.

लक्कम्मानं मला नखशिखांत पाहिलं. "पाणी अडवणाऱ्याला इथे दंड असतो."

मी खिशात हात घातला.

"पैसे राहू द्या. धोतर खोचा."

दुपारी बांधावर नाचणीच्या उकडीचा गोळा, मुद्दे, नि हुलग्याचं सार मिळालं. भात लावणाऱ्यांच्या घरी तांदूळ सणालाच, हे तिथं कळलं. मग पुन्हा चिखलात. दिवस मावळताना शेवटचा कोपरा लावून झाला.

घरी कंबर सरळ होईना. बायको तेल चोळत म्हणाली, "दंड भरून आलात, आणि हसताय?"

हसू नको तर काय! माझ्यामुळे त्या बाईचं पीक बुडत होतं. तिनं मला हाकललं असतं तरी चाललं असतं. ती लावणीच्या रांगेतल्या बायकांना एवढंच म्हणाली, "स्वल्प सरका गं, अण्णांना जागा द्या."