आखाजीचा घास

माझं पोट माझं ऐकत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. रक्ताच्या कॅन्सरवर उपाय म्हणून मुंबईच्या दवाखान्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या कमरेच्या हाडातला मगज काढून मला दिला होता. तेव्हा हे इतकं नवं होतं, की आमच्या गावात, अमडापुरात, कोणी विचारलं तर वडील नुसतं ‘रक्त बदललं’ म्हणत.

महिन्याभरात जुलाब सुरू झाले. दिवसाला वीस वेळा, हिरवं पाणी, मग रक्त. डॉक्टरांनी वडिलांना समजावलं की बहिणीच्या पेशी याच्या अंगात रुजल्या, पण याचं आतडं त्यांना परकं वाटतं, म्हणून त्या त्याच्यावर तुटून पडताहेत. गोळ्या वाढवल्या आणि आणखी दोन महिने ठेवून घेतलं. घरी पाठवताना हातात कागद दिला. भाताची पेज, मुगाचं पाणी, उकळलेलं पाणी. दूध, फळं, तूप, तिखट बंद.

वडिलांनी कागद मला दिला आणि डॉक्टरांचं वाक्य गावाला. आत्याबाईंनी त्याचा अर्थ लावला. “पोरीच्या मनात राग हाये. त्याच्याबिगर रक्त भावाले खाते काय?”

राग असायला कारण होतं, तेच मला झोंबलं. तिला दहावीनंतर कॉलेजात जायचं होतं. ‘मुलीच्या जातीला एवढं पुरे’ म्हणत साखरखेर्ड्याचं स्थळ मीच आणलं. लग्नात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मुंबईला मात्र बोलावल्याबरोबर आली, हाड टोचून घेतलं, आठ दिवस लंगडत माझी भांडी घासली. आणि आता कुजबुज तिच्या सासरपर्यंत पोचली होती. भावाला खाणारी. मी मेलो असतो तर ते नाव तिला जन्माचं चिकटलं असतं. मरणापेक्षा मला त्याचाच जास्त संताप यायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. तीही आली. आत्याबाईंनी मला पाटावर बसवलं आणि पुढे ताट मांडलं. आमरस, पुरणपोळी, वर तुपाची धार, कुरडया. गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं आणि भूक राक्षसाची. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

“माफी माग, अन् आपल्या हातानं भरव त्याले,” आत्याबाई तिला म्हणाल्या. “राग गेला का जुलाबही जातीन.”

घास खाल्ला तर दोन दिवसांत परत मुंबई, नाही खाल्ला तर तिच्यावर डाग. एरवी मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, पण त्या दिवशी तोंड उघडलं. म्हटलं, खाऊन टाकू, तिचं नाव तरी सुटेल.

तिने घास उचललाच नाही. अख्खं ताट उचललं आणि आत्याबाईंपुढे ठेवलं.

“राग होता मले. अजूनही हाये,” ती म्हणाली. “पण हाड देतानी म्या रागाले इचारलं नाही. डॉक्टर मलेही तवाच बोलले होते, बाबांनी त्यातलं अर्धंच आणलं. ह्याच पेशी उरलेला रोगही मारून राह्यल्या. भांडखोर हायेत म्हणून तर आज हा पाटावर बसला हाये.”

वडील खाली बघू लागले. ती चुलीकडे गेली, मुगाचं पाणी भातात कालवून आणलं आणि चमचा माझ्या तोंडाशी धरला.

“माफी मी नाही मागत, दादा. तू माग.”

मी मागितली, दारातल्या बायांसमोर. मग घास खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणालो. “गिळ मुकाट्यानं,” ती म्हणाली.

पोट पुढचं वर्षभर भांडत राहिलं. कधी चार दिवस बरं, कधी पुन्हा तेच. गोळ्या हळूहळू उतरल्या, तोंड जागेवर आलं. पुढच्या जूनमध्ये मी तिच्यासाठी कॉलेजचा फॉर्म खिशात घालून एसटीने साखरखेर्ड्याला गेलो. वाटेत कुठे उतरावं लागेल या धाकाने ड्रायव्हरच्या मागेच बसलो होतो. उतरावं लागलं नाही.

तिचे सासरे ओसरीवर होते. पाहुणा आला म्हणून त्यांनी ताट करायला सांगितलं. मी म्हणालो, आधी सही, मग ताट. बाईच्या जातीला झालं तेवढं पुरे, असं ते म्हणाले. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर.

“मामा,” मी म्हणालो, “माझ्या अंगात आता तुमच्या सुनेचं रक्त आहे. ते अडून बसलं की काय करतं, ते माझ्या आतड्याला विचारा.”

त्यांनी फॉर्म हातात घेतला. मग त्यांनी चष्मा मागवला. चष्मा घेऊन तीच बाहेर आली, आणि फॉर्मवर सही होईपर्यंत तिथून हलली नाही. त्यानंतर तिने मला भाकर वाढली, बाजूला ठेचा ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी पोटाला न विचारता जेवलो.