लेटरबॉक्समध्ये टाकलेला ब्लॉग

तुम्ही तिघं मला फोनवर ‘ब्लॉगवाली आजी’ म्हणता. मुलं परदेशी गेली, करमेना, म्हणून आजीने नातवंडांसाठी ब्लॉग सुरू केला, असं तुमच्या आईने तुम्हाला सांगून ठेवलंय. तुमची आई भली आहे, तिला सगळ्या गोष्टी गोड करून सांगायची सवय आहे. तो ब्लॉग मी एका माणसाचं नाक कापण्यासाठी सुरू केला होता. नाक कापलं गेलं. कसं, ते एकदा क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी त्यात साखर घालायला नको.

तो माणूस आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याला मी इथे अहो-जाहो करणार नाही. तोंडावर इतकी वर्षं केलं, तेवढं पुरे.

आमची इमारत नालासोपारा पश्चिमेला, गास गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नव्वदच्या सुमाराला आम्ही राहायला आलो तेव्हा बिल्डरने नळ बसवून दिले होते, पाणी मात्र दिलं नव्हतं. बोअरिंगचं पाणी खारं. त्यात डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. टँकर यायचे ते याच भागातल्या वाड्यांमधल्या विहिरी उपसून, आणि विहिरीतून सतत उपसा झाला की गोडं पाणी संपून खालचं खारं वर येतं. गावातल्या लोकांची केळी आणि पानवेली त्याने जळायला लागल्या होत्या. त्यामुळे बिल्डिंगवाले म्हटलं की ते दार लावून घ्यायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

तुमच्या आजोबांनी मागच्या बाजूच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बाईंकडे चकरा मारल्या. पहिल्यांदा बाईंनी कुत्रं सोडलं. नंतर उभं राहू दिलं, मग बसायला पाट दिला. शेवटी म्हणाल्या, “पानी देईन. पन मोटर तूच चालू करायची, अन् तूच बंद करायची. दुसरा कोन दिसला तर पाईप काढून फेकीन.”

आजोबांनी शब्द दिला आणि तो पाळला. रोज पहाटे ऑफिसच्या आधी सायकलवरून विहिरीवर. विहिरीच्या आतल्या दगडावर त्यांनी चुन्याची रेघ मारली होती. पाणी त्या रेघेला टेकलं की मोटर बंद, मग इमारतीची टाकी अर्धी भरलेली का असेना. लोक ओरडायचे. हा सेक्रेटरी, तेव्हा तो नुसता दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी होता, सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा. विहिरीच्या पाण्याने कावीळ होईल, असं मीटिंगमध्ये म्हणालाही तोच. खालच्या नळावर पहिली बादली मात्र त्याचीच असायची. नगरपालिकेचं पाणी येईपर्यंत काही वर्षं हे असं चाललं. ताप असला तरी आजोबा कानाला मफलर गुंडाळून जायचे, कारण शब्द त्यांचा होता.

आजोबा गेल्यावर दोनेक वर्षांनी सोसायटीची स्मरणिका काढायचं ठरलं. सेक्रेटरी घरी आला.

“वहिनी, इमारतीचा इतिहास तुम्हीच लिहायचा. तुमच्यासारखं टापटीप कोण लिहिणार?”

मी फोर्टातल्या ऑफिसात जन्मभर स्टेनोग्राफर होते. दुसऱ्यांची वाक्यं लिहिण्यात नोकरी गेली, ही पहिल्यांदाच माझी होती. मन लावून लिहिलं, टाईप केलं, समास सारखे सोडले आणि दिलं.

स्मरणिका छापून आली. माझी वाक्यं तशीच होती, स्वल्पविरामसुद्धा तिथेच. फक्त जिथे जिथे आजोबांचं नाव होतं तिथे सेक्रेटरीचं होतं. वाडीत चकरा मारणारा तो, पाटावर बसलेला तो, तापात मफलर गुंडाळून जाणाराही तोच. वर त्याचा सफारीतला फोटो, खाली लेखक म्हणून त्याचं नाव. शेवटच्या पानावर आभारांमध्ये मी सापडले: ‘टायपिंग साहाय्य’.

मी त्याच्या दारात गेले. तो चहा पीत होता.

“एवढं काय मनाला लावून घेता, वहिनी? स्मरणिका कोण वाचतं? लोक सामोसा ठेवतात तिच्यावर.”

“मग नावं बदलायचे कष्ट कशाला घेतलेत?”

“अहो, संस्थेला एक चेहरा लागतो. आणि भाऊ आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?”

मी “बरं” म्हणाले. मी तशी “बरं” म्हणाले की तुमचे आजोबा पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे. या माणसाला ते माहीत नव्हतं. त्याने मला बिस्किट विचारलं.

ब्लॉग हा शब्द मी पेपरात वाचला होता: कोणालाही फुकट लिहिता येतं, संपादक नाही, सेक्रेटरी नाही. तुमच्या बाबांनी जाताना ठेवलेला कॉम्प्युटर प्लास्टिकच्या झाकणाखाली होता. झाकण काढलं. इंटरनेट लावलं की फोन एंगेज व्हायचा. त्या दिवसांत तुमच्या आईबाबांचा फोन लागत नसे, तो यामुळे. सूचना इंग्रजीत होत्या, त्याची मला अडचण नव्हती. मी त्या छापून घेतल्या, पंच करून फाईलला लावल्या आणि एकेक पायरी झाली की बाजूला बरोबरची खूण केली. ब्लॉगला नाव द्या म्हणाले, दिलं. रंग निवडा म्हणाले, मी राखाडी निवडला. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. त्यात मी लिहिलं, ‘निवृत्त. स्मरणशक्ती उत्तम.’

पहिला लेख मी इंग्रजीत लिहिला, कारण माझी सगळी भांडणं ऑफिसात इंग्रजीत झाली होती. विषय, संदर्भ, क्रमांक घातलेले परिच्छेद. त्यात सेक्रेटरीला मी जी विशेषणं लावली, ती तुम्ही मोठे झालात की डिक्शनरीत बघा. तळाशी किती लोकांनी वाचलं ते मोजणारा आकडा बसवला. रोज सकाळी आकडा वाढलेला असायचा. मी खूश. मग लक्षात आलं की मी पान उघडलं की तो वाढतो. जगात माझा लेख वाचणारी मी एकटीच होते, आणि मला तर सगळं आधीच माहीत होतं.

मग तो लेख छापून मी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला गेले. बोर्डाला काच, काचेला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे.

“बोर्डावर फक्त ऑफिशियल नोटीस, वहिनी,” तो म्हणाला. कागद न वाचताच परत दिला. “तुमचं ते इंटरनेटवर आहे ना? मग वाचू दे की जगाला.” आणि हसला. जिन्यात उभे असलेले दोघंतिघंही हसले.

त्या हसण्यामुळे मी शहाणी झाले. घरी येऊन पहिला लेख काढून टाकला. ऑफिसात मी एक गोष्ट पुष्कळदा पाहिली होती: ज्या तक्रारीत शिव्या असतात तिच्यावर चहा सांडतो, आणि जिच्यात नुसती हकीकत असते ती साहेबाच्या टेबलावर पोचते. रोमन अक्षरं टाईप करून मराठी उमटवायची सोय होती, ती शिकले. तीन ओळींना दुपार जायची. त्या मराठीत मी फक्त विहीर लिहिली. कुत्रं, पाट, चुन्याची रेघ, मफलर. सेक्रेटरीचा उल्लेखसुद्धा नाही. आजोबांचं पूर्ण नाव मात्र पहिल्याच ओळीत.

काही आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी मेल आली की तुमच्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे, ती दाखवायची की नाही ते सांगा. प्रतिक्रिया होती सेक्रेटरीच्या मुलीची.

ती लग्न होऊन अमेरिकेत गेली होती. शाळेत असताना माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. तिने लिहिलं होतं, “काकू! घरची आठवण आली म्हणून मराठीत नालासोपारा असं टाईप केलं, तर तुम्ही सापडलात. मी काकांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून विहिरीवर जायचे, आठवतं? त्या वाडीतल्या आजी मला झाडावरचे जाम द्यायच्या. काका मला दंडाला घट्ट धरून विहिरीतली रेघ दाखवायचे. बाबा एकदाही आले नाहीत. त्यांना विहिरीत डोकवायची भीती वाटते, अजून वाटते. काकांसारखं कोणी नव्हतं.”

मी ते पुन्हापुन्हा वाचलं. स्मरणिकेत काय छापलंय याचा तिला पत्ता नव्हता, हे सरळ दिसत होतं. तिला आधी फोन करून सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तिने वाक्य मागे घेतलं असतं, आणि मला ते वाक्य हवं होतं. मी ‘प्रकाशित करा’ दाबलं.

आता प्रश्न एकच होता. इमारतीत इंटरनेट होतं दोन घरांत, त्यातलं एक माझं. मग मी ब्लॉगचं ते पान प्रतिक्रियेसकट छापलं, स्टेशनजवळच्या दुकानात झेरॉक्स काढल्या, ऑफिसच्या पत्रासारख्या तीन घड्या घातल्या आणि तळमजल्यावरच्या प्रत्येक लेटरबॉक्समध्ये एकेक टाकली. सेक्रेटरीच्या बॉक्समध्येसुद्धा. त्याची जाड कागदावर काढून घेतली होती.

पुढचा आठवडा मला अजून चाखता येतो. गच्चीवरची टाकी धुवायला माणसं आली, तेव्हा सेक्रेटरी देखरेखीला गेला. वरच्या मजल्यावरची बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “साहेब, तुम्ही आपले लांबच उभे राहा हं. खाली बघू नका, घेरी येईल.” दूधवाल्यापर्यंत गोष्ट गेली. जी मंडळी जिन्यात हसली होती ती पुन्हा हसली. मी दार किलकिलं ठेवून भाजी निवडत होते.

आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी तो आला. या वेळी चहा मी विचारला नाही.

“माझ्या मुलीला मध्ये कशाला आणलंत?”

“मी नाही आणली. ती आपणहून आली. मी फक्त दार उघडलं.”

“ती फोनवर रडत होती.”

“माझ्याशीही बोलली. स्मरणिकेत काय छापलंय ते बघायचंय म्हणाली. पानं पाठवली मी तिला.”

तो खुर्चीत बसला, मी ‘बसा’ म्हटलं नव्हतं तरी. मुलगी माझ्यावरही रागावली होती, ते मी त्याला सांगितलं नाही. “काकू, तुम्ही मला विचारायला हवं होतं,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला होता. तिचं बरोबर होतं. पण माझं काम व्हायचं होतं.

“ते भीतीचं वाक्य काढा, वहिनी. मी दुरुस्ती छापून देतो. चिठ्ठी चिकटवतो प्रत्येक प्रतीत.”

“छापलेलं कोण वाचतं? सामोसा ठेवतात त्याच्यावर.”

“मग काय करू?” त्याने विचारलं.

“वार्षिक सभेत उभं राहून वाचायचं,” मी म्हणाले. “मी टाईप करून देते. टायपिंग साहाय्य.”

सभा खाली पार्किंगमध्ये असायची, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. मी पहिल्या रांगेत बसले. त्याने माझा कागद उघडला आणि वाचला. विहिरीचं पाणी कोणी मिळवलं, रोज पहाटे कोण गेलं, स्मरणिकेतला लेख कोणी लिहिला. आजोबांचं नाव त्याने कागदात तोंड घालून पुटपुटलं. माना हलल्या, कोणीतरी खोकलं, आणि तो खाली बसायला लागला.

“मागे ऐकू आलं नाही,” मी हात वर करून म्हणाले.

मागे बसलेल्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याने पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने, नाव तोडून तोडून, आडनावासकट.

तुमचे आजोबा शेजारी असते तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून “बस झालं आता” म्हटलं असतं, आणि मी ऐकलं असतं. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. मी पुन्हा हात वर केला.