हवेचा रकाना

चाळिशीला टेकलेली बाई ऑफिसची खुर्ची सोडून खुर्च्या करायला शिकते म्हटल्यावर कुणाच्याच जिभेला हाड राहत नाही. सासूबाई म्हणाल्या, "घरातलं स्टूल तीन वर्षं डुगडुगतंय, आधी ते बघ." नवऱ्याने पाठिंबा दिला, म्हणजे तो गप्प बसला. पहिल्या दिवशी ती वही-पेन घेऊन मिस्त्रीकाकांच्या दुकानात गेली आणि काकांनी तिला तिथल्या तिथे 'मॅडम' करून टाकलं.

पहिले चार महिने तिने नुसती धार लावली. रंध्याची पाती, पटाश्या, पुन्हा रंध्याची पाती. काका अंगठ्याने धार बघायचे आणि म्हणायचे, "वा मॅडम, याने लोणी कापता येईल. उन्हाळ्यात." वही कोरीच राहिली. शेवटी तिची पानं फाडून डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली घातली गेली, एवढाच काय तो तिचा उपयोग झाला.

तिसऱ्या वर्षी तिने चार ड्रॉवरचं कपाट केलं. काकांची कसोटी एकच. वरचा ड्रॉवर हळूच आत ढकलायचा. काम असं बिनफटीचं हवं, की आत दबलेल्या हवेला पळायला जागाच मिळू नये आणि त्या हवेनेच खालचा ड्रॉवर बाहेर सारावा. काकांनी बोटाने वरचा ढकलला. खालचा आपणहून चार बोटं बाहेर आला.

"जमलं हो, मिस्त्री," ते म्हणाले. तिला रडू आलं. भुशाचं निमित्त करून तिने डोळे पुसले.

पण नुसत्या शाबासकीवर दुकान चालत नाही. काकांची नजर अधू झाली होती, महिनाअखेर ते काम थांबवणार होते. जागेच्या मालकाने अट घातली होती: दुकान तिच्या नावावर होईल, पण प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र आणलं तर. परीक्षा वर्षातून एकदाच. तिने कपाट टेम्पोत घातलं आणि केंद्रात नेलं.

परीक्षक सज्जन होते. त्यांचे हात इतके मऊ होते, की रंध्याची आणि त्यांची ओळख फक्त पुस्तकातून झाली असावी. हातात बेचाळीस रकान्यांचा फॉर्म होता. एकेका रकान्यात ते 'होय' लिहीत गेले. मग त्यांनी वरचा ड्रॉवर बंद केला. खालचा बाहेर आला. त्यांनी खालचा बंद केला. वरचा बाहेर आला. असं पाच वेळा झालं. शिपाई हसू दाबायला बाहेर गेला.

"हे बंद राहत नाही," परीक्षक म्हणाले.

"साहेब, हवेमुळे होतं ते. काम घट्ट आहे म्हणून."

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. "इथे फक्त 'ड्रॉवर बंद राहतात का?' एवढंच आहे. होय किंवा नाही. हवेला रकाना नाही, बाई."

"पण साहेब..."

"अहो, इतकं घट्ट करायला सांगितलं कुणी? चारपर्यंत वेळ आहे. थोडं तासून घ्या, मी 'होय' लिहितो."

तिने घड्याळ बघितलं. तीन वाजले होते. दुकान, मालकाची अट, काकांचे अधू डोळे, सगळं एकदम समोर आलं. तिने ड्रॉवर काढले आणि त्यांच्या कडांवर रंधा फिरवला. पातळ, लांब, अखंड काप निघत होते, तिच्या हातून निघालेले सगळ्यात सुंदर. तीन वर्षांची मेहनत ती स्वतःच्या हाताने जमिनीवर पाडत होती आणि तिला स्वतःची चीड येत होती.

चार वाजता ड्रॉवर खडखडत बंद झाले आणि बंद राहिले. शेरा मिळाला: उत्कृष्ट.

संध्याकाळी कपाट दुकानात परत आलं. पेढ्यांऐवजी तिने प्रमाणपत्रच काकांपुढे धरलं. त्यांना अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी ते बाजूला ठेवलं, चाचपडत कपाटापाशी गेले आणि वरचा ड्रॉवर ढकलला. खालचा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा ढकलला.

"पास झालात वाटतं, मॅडम," ते म्हणाले, आणि खिशातून दुकानाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.