बंद नाकाने पास केलेली बॅच

साबणाची अख्खी बॅच बाजारातून परत आली. वडीला खवट तेलाचा वास मारतो, अशी तक्रार होती. सुपरवायझरने परत आलेल्या खोक्यातली एक वडी वास तपासणाऱ्या नाकआत्यासमोर कट्‌कन मोडली आणि तिच्या नाकाखाली धरली.

"घ्या. काय येतंय?"

आत्याने श्वास ओढला. काहीच आलं नाही. खवट नाही, गुलाब नाही, साबणसुद्धा नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत ती पहिल्यांदा खोटं बोलली. "येतोय. थोडासा."

"थोडासा? अहो, माझी बायको म्हणाली, मेलेल्या म्हशीला अंघोळ घातल्यासारखा वास येतो! आणि पास केल्याच्या चिठ्ठीवर सही तुमची. पुन्हा असं झालं तर ही खुर्ची दुसऱ्याची, सांगून ठेवतो."

आत्याचे कान तापले. तिला या खुर्चीत कुणी दया म्हणून बसवलं नव्हतं. आधी ती पॅकिंगमधे कागद गुंडाळायची. एकदा ती म्हणाली, आज साबणाला जळका वास आहे. सगळे हसले. दुपारी मिक्सरचं बेअरिंग जळून मशीन बंद पडलं, तेव्हा हसणं थांबलं. तेव्हापासून प्रत्येक बॅचच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन वड्या तिच्यापुढे यायच्या. वडी मोडायची, मोडलेल्या बाजूचा वास घ्यायचा, मधे स्वतःच्या कोपराचा वास घेऊन नाक जागेवर आणायचं, मग पुढची वडी. तिची सही झाल्याशिवाय एकही खोकं गोदामाबाहेर जात नसे. शेजारणी दूध नासलंय का ते बघायला पातेलं घेऊन तिच्या दारात यायच्या.

गेल्या थंडीत तिला सर्दी झाली आणि नाक चोंदलं. सुपरवायझरने प्रथमोपचाराच्या ड्रॉवरमधून एक छोटी बाटली काढून दिली. "दोन फवारे मारा, दोन मिनिटांत रस्ता मोकळा." खरंच मोकळा झाला. आत्याला जादूच वाटली. पहिली बॅच दहाला यायची, म्हणून पावणेदहाला दोन फवारे. मग दुपारच्या बॅचआधी दोन. मग प्रत्येक बॅचआधी. सर्दी केव्हाच गेली, पण नाक उघडेना. फवारा उतरला की ते आधीपेक्षा घट्ट मिटायचं, म्हणून पुन्हा फवारा. पॅकिंगमधल्या बायकाही तीच बाटली मागायच्या. आत्या पदराने बाटलीचं तोंड पुसून ती पुढे द्यायची आणि वर शिकवायची, "मान मागे टाक आणि जोरात ओढ. थेट मेंदूपर्यंत गेलं पाहिजे."

बॅच परत आली त्या संध्याकाळी ती तडक भावजयीच्या दवाखान्यात गेली. भावजय तिथे नर्स होती. लहान पोरांना नाकातून लस देण्याचं काम नुकतंच संपलं होतं.

"वन्सं, इकडे कशा? बसा ना."

"बसायला नाही आले. तुझ्याकडेही नाकात मारायचं काहीतरी असतं ना? माझ्या बाटलीत दम राहिला नाही. जरा जोरदार दे."

"ती लस आहे हो! फवारा आहे म्हणून काय सगळे फवारे सारखे? दाखवा बघू तुमची बाटली." भावजयीने बाटली फिरवून पाहिली. "किती दिवस मारताय?"

"थंडीपासून."

"थंडीपासून? वन्सं, आता पंखे लागले! हा फवारा तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे मारला की हाच नाक बंद करतो. आतल्या रक्तवाहिन्या हा आवळून धरतो, म्हणून मोकळं वाटतं. सोडल्या की त्या दुप्पट फुगतात."

"मला कुणी सांगितलं?"

"खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, तेही. आणि रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."

आत्या मटकन स्टुलावर बसली. पॅकिंगमधल्या एकीला रक्तदाब होता. फवारा मारला की छाती धडधडते, असं ती दोनदा म्हणाली होती. "वय झालं तुझं," असं म्हणून आत्याने तिची थट्टा केली होती.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि ती बाटली कायमची बंद करायला सांगितलं. सूज उतरवायला दुसरा फवारा लिहून दिला. तो कसा मारायचा, ते भावजयीने करून दाखवलं. "मान मागे नाही, थोडी पुढे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या. टोक मधल्या पडद्यावर रोखू नका, बाहेरच्या बाजूला कानाकडे करा. आणि श्वास हळू घ्या, फुलाचा वास घेतल्यासारखा. तुमच्यासारखा पंप नाही चालवायचा."

"किती मिनिटांत उघडेल?"

"मिनिटं विसरा. रोज ठरल्या वेळी मारा. आठवडा, दोन आठवडे लागतील. सुरुवातीला नाक आणखी बंद होईल, पण जुन्या बाटलीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याने कारखान्यात शिरताच प्रथमोपचाराचा ड्रॉवर उघडला. आत नऊ बाटल्या शिस्तीत उभ्या होत्या. खोकं एकही नव्हतं.

"साहेब, खोकी कुठायत? त्यातले कागद?"

"टाकली. खोक्यांमुळे ड्रॉवर बंद होत नव्हता."

"ड्रॉवर बंद होत नव्हता म्हणून माझं नाक बंद केलंत?" आत्याचा आवाज मिक्सरच्या वर गेला. पॅकिंगचे हात थांबले. "पाच दिवसांचं औषध चार महिने मारलं मी! या सगळ्यांनाही मारायला लावलं! ही बिचारी छाती धडधडते म्हणाली, तिला मी हसले! माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, पण तुम्हाला वाचता येत होतं ना?"

"हळू बोला. मोठी ऑर्डर आहे आज. दोन फवारे मारा आणि सही करा."

आत्याने चिठ्ठी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: नाक बंद. तपासलं नाही.

"मग बसा पॅकिंगमधे," सुपरवायझर लालबुंद झाला. "वास घ्यायला काय अक्कल लागते? मीच बघतो."

आणि तो खरंच खुर्चीत बसला. आत्या कागद गुंडाळायला गेली. पहिल्या चार रात्री तिने तोंडाने श्वास घेत, उशा रचून, बसल्या बसल्या काढल्या. जुनी बाटली तिने मोरीत रिकामी केली होती, नाहीतर तिसऱ्या रात्री हात गेलाच असता. पॅकिंगच्या बायकांना तिने एकेकीला धरून कागदावरचं सगळं सांगितलं. रक्तदाबवालीची माफी मागितली. ती म्हणाली, "आत्या, माफी राहू द्या, आधी त्या मेल्याला चार शिव्या द्या." आत्याने सहा दिल्या.

बाराव्या दिवशी सकाळी तिची डावी नाकपुडी उघडली. आधी पुठ्ठ्याचा वास आला, मग डिंकाचा. ती खोकी चुकवत पुढे गेली. सुपरवायझरच्या केबिनच्या दारात तिने पदर नाकाला लावला.

"काय हवंय?" तो खिशातून तसलीच बाटली काढून नाकात मारत म्हणाला.

"कपाटामागे उंदीर मेलाय, साहेब. दोन दिवस तरी झाले असतील."

"काहीतरीच. मला नाही येत वास."

"ते दिसतंय."

दोन हमालांनी कपाट ओढलं. एकाने ओकारी दाबत शेपटीला धरून उंदीर बाहेर नेला. सुपरवायझर बाटली मुठीत धरून उभा होता. दाराशी जमलेल्या पॅकिंगच्या बायकांपैकी एकही हसली नाही, इतक्या त्या चिडल्या होत्या.

"माझी खुर्ची सोडा," आत्या म्हणाली. "आणि बारा दिवसांत तुम्ही पास केलेल्या सगळ्या बॅचेस थांबवा. गेलेल्या असतील तर परत मागवा. एकूण एक वडी मोडून बघणार आहे मी."